जिभेला चिकटलेली वीट

३ मार्च
‘पुरावा कुठाय?’ हे ऐकून ज्यांचे कान किटले त्या माझ्या उत्खननवाल्यांनो, ही वही तुमच्यासाठी. श्रद्धाळू आपल्याला नास्तिक म्हणतात, शास्त्रज्ञ भाबडे म्हणतात. दोघांची तोंडं बंद करायला मी आज इथे, खोदकामाच्या जागी, दाखल झाले. बायबलमधली बाबेलच्या बुरुजाची गोष्ट: सगळ्या माणसांची भाषा एक होती, त्यांनी आभाळाला भिडणारा बुरूज बांधायला घेतला आणि देवाने त्यांच्या भाषेचा असा घोळ केला की कोणाचं कोणाला कळेना. त्याच बुरुजाचा पाया सापडलाय, असं आमच्या प्रमुखांचं म्हणणं. विटेचा चुरा तापवून ती कधी भाजली हे शोधणं माझं काम. खोली ऐसपैस, खिडकीतून खड्डा दिसतो. संध्याकाळी लेकीचा फोन. आठ वर्षांची आहे. म्हणाली, आई, बुरूज मिळाला की आधी मला सांग, पेपरवाल्यांना नंतर.

५ मार्च
विटा पक्क्या, सांध्यांत डांबर, अगदी गोष्टीतल्यासारखं. मग आपली जुनी सवय: तुकड्याला जीभ लावायची. कच्ची वीट चिकटते, पक्की चिकटत नाही. नकाशे काढणाऱ्या ताईंनी बजावलं की मॅडम, जीभ जपा, जेवायलाही तीच लागते. खूप हसलो. मी, ताई, प्रमुख, तिघांनीही लावली. वीट पक्की, तरी चिकटली. सोडवताना टवका उडाला. चव मातीची नव्हती, दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडाची होती.
टवका लेकीला पाकिटात घालून पाठवला. जीभ लावून बघायला मीच तिला शिकवलंय.

८ मार्च
प्रमुखांना ‘फावडं’ हा शब्द आठवेना. हातांनी खणून दाखवलं. आम्ही त्यांच्या वयाची चेष्टा केली. दुपारी ताई नकाशावर ‘उत्तर’ दिशा लिहायला बसल्या, अक्षरं आठवेनात, आणि रडायला लागल्या.

१० मार्च
प्रमुख आणि ताई एकमेकांशी तावातावाने बोलतात. दोघांची बोली वेगळी, एकही अक्षर कळत नाही. मी उभी राहिले आणि दणदणीत भाषण ठोकलं: घाबरू नका, हा आजार आहे, आजाराला कारण असतं, डॉक्टर बोलावू. दोघं माझ्या तोंडाकडे बघत राहिले.
मी कोणत्या भाषेत बोलले?

११ मार्च
चुऱ्याचा निकाल आला. वय शून्य. तीनदा तापवून पाहिलं. शून्य. म्हणजे ही वीट अजून भाजतेच आहे. जिभेवर फोड आलेत.
पुरावा हवा होता ना. मिळाला.

१२ मार्च
लेकीचा फोन. आधी हसली. मग दोनच अक्षरं, पुन्हा पुन्हा. पहिलं ‘आ’ असावं. मलाच हाक असावी. पाकीट उघडू नकोस, एवढंच सांगायचं होतं. तोंडातून जे निघालं ते ऐकून ती रडली. तिच्या बाबांना मेसेज लिहिला. उत्तरात नुसती प्रश्नचिन्हं —

१३ मार्च
पहिलं पान वाचलं. अर्धं कळलं. अक्षर माझंच —
पाकीट आज पोचेल. हातात अजून थोडे शब्द — पेन सोडलं तर तेही —
वाचणाऱ्या, माझ्या घरी जा. पत्ता मागच्या पानावर. दार — ती — लहान, माझी —
तिच्या हातून ते घे. तिला म्हण, विटेला जी