बाटलीवरून सोललेला शब्द

बाई, आता मोबाइलवर एक खेळ निघालाय. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. रोज सकाळी रत्नागिरीच्या घरी चहा उकळेस्तोवर मी तो खेळते आणि पुण्याच्या लेकीला निकाल कळवते. ती हसते, कारण माझा पहिला शब्द रोज एकच असतो, ‘शेक’. कितीदा म्हणाली, "आई, दुसरा घे ना, याने काही हाती लागत नाही." मी घेत नाही. तिला वाटतं, वय झालं की माणूस हट्टी होतं. तुम्ही असतात तर चष्मा खाली ओढून नुसतं माझ्याकडे बघितलं असतंत.

तुमचा खेळ याहून कितीतरी झकास होता. देवरूखच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात इंग्रजी होतं कुठे? तुम्ही सातवीच्या फळ्यावर लिहिलंत: अक्षरं पाच, त्यांत ए आणि ई दोन्ही हवीत, आणि शब्द स्वतःच्या डोळ्यांनी कुठेतरी पाहिलेला हवा. पुस्तकातला चालणार नाही. वस्तू आणून दाखवा, नाहीतर मला तिथे न्या. महिनाभरात ज्याचे शब्द जास्त, त्याला शनिवारी एसटीने देवरूखला नेणार, कॉलेजची लायब्ररी दाखवणार आणि वर कोल्ड्रिंक. मग काय, अख्खा गाव इंग्रजीने भरलेला निघाला! बिस्किटाच्या पुड्यावर ‘व्हीट’ सापडला. मुंबईहून आलेल्या बाबांच्या शर्टाच्या कॉलरीत ‘लार्ज’ निघाला, तर मी तो शर्टच दप्तरात कोंबून आणला. आणि ‘ब्रेक’साठी तुम्ही भर उन्हात माझ्यामागून सडकेपर्यंत आलात, चिऱ्यांच्या ट्रकमागे उभं राहून पदराने धूळ पुसलीत आणि मोठ्याने वाचलंत. ड्रायव्हर बिचारा कागदपत्रं काढायला लागला होता.

महिन्याचा शेवटचा दिवस आला तेव्हा मी आणि वरच्या वाडीतली एक मुलगी बरोबरीत होतो. मला देवरूखला जायचंच होतं. लायब्ररी मी पाहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर कोल्ड्रिंकही कधी प्यायले नव्हते. आजोबांच्या फळीवर औषधाच्या दोन सारख्या बाटल्या होत्या, एक खोकल्याची, एक गुडघ्यांना चोळायची. दोन्हींवर छापलेलं, ‘शेक वेल’. बाटली नेली आणि फुटली तर मार बसेल, म्हणून मी भाताच्या वाफेवर धरून लेबल सोललं. ते नेमकं त्या शब्दावरच फाटलं, म्हणून दुसरंही सोललं. तुम्ही विचारलंत, "बाटली रिकामी होती ना?" मी म्हटलं, "हो बाई." आणि जिंकले.

आजोबांना वाचता येत नव्हतं. लाल लेबल गुडघ्याचं, हिरवं खोकल्याचं, एवढंच त्यांचं वैद्यकशास्त्र. दोन दिवस ते खोकल्याचं औषध गुडघ्यांना चोळत बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी ओटीवरून ओरडले, "अगो सूनबाय, ह्ये मुंगळे माज्याच पायाला का लागलेत?" आम्ही सगळे हसून लोटपोट. मग आईने फळीवरच्या बाटल्या पाहिल्या आणि तिचं हसू गेलं. "चोळायचा औषद पोटात गेला असता तर?" खोकला थांबला होता म्हणून निभावलं. "कोणी सांगितलान तुला सोलायला?" तिचा हात वर झालेला. मी म्हटलं, "बाईंनी."

तुम्ही असलं काही कधीच सांगितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी निरोप गेला आणि तुम्ही आलात. आई अंगणातच सुरू झाली. "तुमी पोरांना शिकवताव की उपद्व्याप करायला लावताव? उद्याच हेडमास्तरांकडे जाते मी." तुमची नोकरी अजून कायम झाली नव्हती, हे गावाला ठाऊक होतं. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत. मी तुळशीआड उभी होते. मग तुम्ही आजोबांपुढे वाकून म्हणालात, "चूक माझी. नियम नीट समजावायला हवा होता." आजोबा विरघळलेच. "जाऊ द्या ओ बाय, गुडगा गोड झाला आमचा." आईचाही आवाज खाली आला. निघताना तुम्ही मला हळूच म्हणालात, "शब्द बघून यायचा, सोलून नाही. शनिवारी तयार राहा. तुला आणि वरच्या वाडीतलीला, दोघींना नेणार आहे."

देवरूखला दिवसभर तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. कोल्ड्रिंक माझ्या नाकात गेलं तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तुम्हीच हसलात. परतीच्या एसटीत मी तुमच्या शेजारी बसले होते. सांगू, सांगू म्हणता म्हणता आमचा फाटा आला. पुढे तुमची बदली झाली, आणि मग बऱ्याच वर्षांनी तुम्ही गेल्याचं कळलं. मला तुमची फार आठवण येते, बाई.

आई आता माझ्याकडे असते. ऐंशी उलटली. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण मुंगळ्यांची गोष्ट आल्यागेल्याला रंगवून सांगते. तिच्या गोष्टीत आजोबा भोळे, मी गुणी, आणि तुम्ही म्हणजे ती येडी बाई, पोरांकडून औषधांची लेबलं सोलून घेणारी. लोक पोट धरून हसतात. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि खरं तर ते आईलाच वाचून दाखवायला हवं. आज नक्की दाखवायचं ठरवलं होतं. तेवढ्यात शेजारीण आली, आईने गोष्ट काढली आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "खरा की नाय गो?"

मी म्हटलं, "खरा."