घरगल्लीवरची जाळी

१ फेब्रु., रवि.
जाळी लागली एकदाची. आमच्या चाळीच्या मागच्या खिडक्या, समोर पलीकडच्या बिल्डिंगच्या मागच्या खिडक्या आणि मध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढी घरगल्ली. गेल्या आठवड्यात साफ केली तेव्हा तिच्यातून काय काय निघालं ते लिहीत नाही, जेवण जाणार नाही. आता पहिल्या मजल्याच्या उंचीला हिरवी जाळी ताणलीय. खिडकीतून काही टाकलं की ते खाली गडप होणार नाही, जाळीवर पडून राहील आणि अख्ख्या चाळीला दिसेल. साळवीकाका सेक्रेटरी असूनही बोल्ट आवळायला स्वतः शिडीवर चढले. खाली उतरून म्हणाले, वर्षा, आता तरी शांत झोप.
कुठली शांत. दुपारपासून खिडकीशी जाऊन जाऊन बघतेय. शेवटी अप्पा म्हणाले, "गो बाय, जाळी पळान जाऊची नाय."

४ फेब्रु., बुध.
ओला-सुका कचरा वेगळा करणं बऱ्यापैकी अंगवळणी पडतंय. जिन्याखाली खताची पिंपं ठेवलीत. ऑफिसला निघताना मी तिथे उभी असते, त्यामुळे लोक निदान मला घाबरून तरी वेगळं करतात. घाबरू देत. बुधवारी मासळीमुळे वास येतो म्हणून पहिल्या मजल्यावरून तक्रार. वर भुसा घाला म्हटलं, भुसा काय दाखवायला ठेवलाय?
संध्याकाळी आधी आपली बालदी तपासायची, मग दुसऱ्याला बोलायचं, हा माझा नियम. अप्पांनी चहाचा चोथा सुक्यात टाकला होता. ऐकवलं. गप्प ऐकून घेतात बिचारे. आई होती तेव्हा तिला उलटून तरी बोलायचे.

६ फेब्रु., शुक्र.
जाळीवर पिशवी. लहानशी, गाठ मारलेली, बरोबर आमच्या खिडकीच्या रेषेत. पाच दिवससुद्धा दम निघाला नाही लोकांना. डोकं असं तडकलं की ऑफिसला जाताना चहा घ्यायचा राहिला.
आमच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, एकच घर. नलूचं.

९ फेब्रु., सोम.
अजून एक. तशीच लहान, तशीच गाठ. दुपारी पडते, मी परळला ऑफिसात असते तेव्हा. म्हणजे टाकणाऱ्याला माझी वेळ माहीत आहे.
नलूशिवाय कोण? ती पोळी-भाजीचे डबे करते, चाळीत सगळ्यात जास्त ओला कचरा तिचाच. पिंपापर्यंत तीन मजले उतरायचा कंटाळा. पूर्वी टाकायचीच की ती खिडकीतून, आम्ही सगळेच टाकायचो. पण तेव्हाची गोष्ट वेगळी.

११ फेब्रु., बुध.
नलू आली होती संध्याकाळी. दारात उभी राहून म्हणाली जरा बोलायचंय. मी म्हटलं, मलाच बोलायचंय, आणि जाळीवरून सुरू झाले. ती ऐकत राहिली. मग राहू दे म्हणाली आणि वर गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणावं तर चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं, याचाच जास्त राग आला.
दुसरीपासून एका बाकावर बसलेल्या आम्ही. तिला काय वाटलं, मैत्रीण म्हणून सोडेन?

१३ फेब्रु., शुक्र.
चाळीच्या ग्रुपवर जाळीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "तिसऱ्या मजल्यावरच्या मंडळींनी लक्षात घ्यावे. कोण टाकते ते सगळ्यांना माहीत आहे." भराभर अंगठे आले. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, खूप बरं वाटलं.

१५ फेब्रु., रवि.
महाशिवरात्र. सगळे उपाशी आणि चिडलेले, त्यात मीटिंग. ठरलं असं की जाळीवर टाकणाऱ्याचं नाव जिन्यातल्या फळ्यावर लागेल. मीच मांडलं होतं. त्या फळ्यावर पाण्याची वेळ, सत्यनारायण, कोणी गेलं तर तेही. आता हे.
नलूचं नाव निघालं. ती उठून म्हणाली, "मी टाकत नाही." एवढंच. कोण टाकतं मग, असं साळवीकाकांनी विचारलं तर माझ्याकडे बघितलं आणि खाली बसली. मी म्हटलं, बघा, बोलता येत नाहीये.
नाव लिहिलं. खडू माझ्या हातात होता.

१९ फेब्रु., गुरु.
पिशव्या चालूच. निर्लज्जपणाला काही सीमा आहे की नाही?
दुसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांनी नलूकडचे डबे बंद केले. कचरा असा फेकणारीचं स्वयंपाकघर कसलं असेल, असं बोलताहेत. मी असं म्हटलं नव्हतं. पण म्हणू नका असंही म्हटलं नाही.
अप्पांच्या लेंग्याची नाडी बदलून दिली. सैल होतो म्हणतात. उन्हाळा लागला की त्यांचं जेवण कमीच होतं. तरी दुपारचं ताट झाकून ठेवते ते संध्याकाळी घासून पालथं घातलेलं असतं, म्हणजे जेवतात.

२४ फेब्रु., मंगळ.
नीट लिहिता येत नाहीये.
डोकं दुखत होतं म्हणून दुपारीच घरी आले. अप्पा झोपलेले. जाळीवर ताजी पिशवी. आज सोडायची नाही, पुराव्यानिशी नलूच्या दारात नेऊन ठेवायची असं ठरवलं. आंबे काढायचा आकडा साळवींकडून आणला, पहिल्या मजल्याच्या पॅसेजमधून ओढून घेतली. गाठ सोडली.
सुरणाचे काप. रव्यात घोळवलेले. सकाळी मी केलेले. आणि भाकरीचे बोटभर तुकडे, अप्पांना कवळीने चावत नाही म्हणून मी करून ठेवते तसे. वरणभात. सगळंच्या सगळं.
पिशवी तशीच वर घेऊन आले.

तोच दिवस, संध्याकाळ
पिशवी त्यांच्यापुढे ठेवली. आधी राग आला, हे लिहून ठेवते. माझ्या हातचं इतकं नकोसं झालंय का, असं बोलले. चाळीत माझी काय शोभा होईल, तेही बोलले. तेच आधी बोलले.
अप्पांनी पिशवीला पुन्हा गाठ मारली. मग म्हणाले, "घास खाली उतरना नाय गो. पाणी उतारता, चाय उतारता. भाकरी हयसर अडाकता." गळ्याखाली, छातीच्या वर हात ठेवून दाखवलं. दिवाळीनंतर सुरू झालं म्हणे. दिवाळीनंतर.
मग गल्लीत कशाला टाकलंत, ठेवायचं होतं तसंच, म्हटलं.
"बालदीत टाकलां असतां तर तुका दिसलां असतां. तू रोज बघतंस."
मी रोज बघते.

२५ फेब्रु., बुध.
ऑफिसला कळवून रजा. डॉक्टरांनी परळच्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली, दुर्बीण घालून बघायला पाहिजे. नंबर पुढच्या गुरुवारचा. अप्पा हॉस्पिटलचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतात. आईला तिथेच नेलं होतं, ती परत आली नाही. म्हणून तर लपवलं.
एकच मागितलं त्यांनी. चाळीत कोणाला सांगू नको. लोक बघायला येतात, खाटेशी बसून च्यक च्यक करतात, ते त्यांना नको. शब्द दिला.
दिला खरा, पण आता नलूचं काय करू?

२६ फेब्रु., गुरु.
वर गेले. नलू कणीक मळत होती. अर्धीच परात. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, अप्पांना दिलेला शब्द एका दिवसात मोडला. ती मळतच राहिली. मग म्हणाली तिला माहीत होतं. तिच्या खिडकीतून खाली आमची खिडकी दिसते, अप्पांचा हात रोज दिसायचा.
मी भडकले. चक्क भडकले तिच्यावर. माझा बाप उपाशी राहतोय आणि तू बघत बसलीस?
तेव्हा तिने हात थांबवला. "सांगायला आले होते मी. तू दार उघडलंस ते कचऱ्यावरूनच."
आणि मीटिंगमध्ये? का नाही बोललीस?
"म्हाताऱ्या माणसाचं नाव घेऊ चारचौघांत? मला नाही जमत तुझ्यासारखं."
चहा विचारला नाही. मीही थांबले नाही. बरोबरच आहे तिचं.

२७ फेब्रु., शुक्र.
सकाळी सगळे पाणी भरत असताना फळ्यावरचं नलूचं नाव पुसलं आणि माझं लिहिलं. खोली नंबरासकट. साळवीकाकांना वाटलं मस्करी. नाही म्हटलं, पिशव्या आमच्या घरातून जात होत्या. का, ते विचारू नका.
विचारतीलच की. मी काय सांगणार होते त्यांना?

१ मार्च, रवि.
जाळीवर आज निरनिराळ्या रंगांच्या पिशव्या. पिंपात प्लास्टिक, ताकाचे पाऊच, एक सॉक्स. मी उभी असताना पहिल्या मजल्यावरचा एकजण मिक्स बालदी सरळ ओतून गेला. टोकलं तर म्हणाला, ताई, तुम्ही बोलू नका आता.
ग्रुपवर माझा तो जुना फोटो पुन्हा फिरतोय, खाली हसरे चेहरे. डबे बंद केलेल्या घरांनी नलूकडे पुन्हा सुरू केले का? एकाने केले, एकाने नाही. घालवायला दोन ओळी पुरल्या होत्या.

३ मार्च, मंगळ.
होळीला निम्मी चाळ गावी गेलेली. उरलेल्यांनी पेटवलेल्या होळीत कोणीतरी जाळीवरचं प्लास्टिक काढून टाकत होतं. धावत गेले, हातातून ओढून घेतलं. पूर्वी लोक ऐकायचे, आता बघत उभे राहतात.
अप्पांना पुरणपोळी दुधात कुस्करून दिली. दोन चमचे. तिसऱ्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी. कचऱ्याचं जाऊ दे सगळं खड्ड्यात, असं वाटलं. आणि लगेच वाटलं, नको.

५ मार्च, गुरु.
दुर्बीण झाली. आत रस्ता अरुंद झालाय, तुकडा काढून तपासायला दिलाय. डॉक्टर तरुण मुलगी, नीट बोलली, पण माझ्या डोळ्यांत बघून बोलली नाही. रिपोर्ट पुढच्या शुक्रवारी. तोवर पातळ.
टॅक्सीत अप्पा म्हणाले भूक लागली. भूक लागते त्यांना. हे मला ऐकवत नाही.

७ मार्च, शनि.
साळवीकाका दारात. उद्या मीटिंग, विषय जाळी आणि पिंपं काढून टाकणे. त्यांना स्वतःला नकोय काढायला, पण वर्षा, तूच अशी निघालीस तर मी लोकांना काय सांगू, असं म्हणाले. जाताना खाटेवरच्या अप्पांना नमस्कार केला.
अप्पांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, फळ्यावर कोणाचं नाव आहे? सांगितलं. आधी कोणाचं होतं? तेही सांगावं लागलं. नलूचं ऐकल्यावर उठून बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला मूर्ख म्हणाले.

८ मार्च, रवि.
अप्पा खाली आले मीटिंगला. मी नको नको म्हणत असताना. इस्त्रीचा शर्ट घातला, त्यात मावतील असे दोन अप्पा. जिना उतरताना एक हात कठड्यावर, दुसरा नलूच्या खांद्यावर. तिला त्यांनीच हाक मारून बोलावलं होतं, मला नाही.
खुर्ची दिली तर बसले नाहीत. म्हणाले, "जाळयेर पिशये मी टाकी होतंय. माझो घास उतरना नाय. चेडवाक, ह्या वर्षाक, कळू नये म्हणान टाकी होतंय. नलूचो काय संबंध नाय, हिचोय नाय. फळो पुसा. आणि जाळी काढू नकात."
साळवीकाकांनी फळा पुसला, हाताने, डस्टर शेजारी असताना. मीटिंग तिथेच संपली.
मला खूप अभिमान वाटला आणि खूप राग आला. एवढं सगळं गमावून काय मिळवलं, तर पिंपं.

९ मार्च, सोम.
पिंपं स्वच्छ. ओलं ओल्यात, सुकं सुक्यात, जाळी रिकामी. पहिल्या मजल्यावरच्या त्याने स्वतःहून भुसा घातला. इतकं नीट तर मी ओरडत होते तेव्हाही नव्हतं. ऑफिसला जाताना थांबले नाही तिथे.
नलूने पेज दिली, तूप आणि मीठ घातलेली. माझ्याशी दोन शब्द बोलली, दोन्ही अप्पांबद्दल.

११ मार्च, बुध.
रिपोर्ट परवा.
वाट्या, पातेली, डबे, ठेवायला जागा नाही. नाचणीचं सत्त्व साळवीकाकूंचं. गाळलेलं सार, रव्याची खीर, मुगाचं कढण. ज्यांनी हसरे चेहरे टाकले होते त्यांच्याकडून लापशी. अप्पा प्रत्येकाची वाटी जवळ घेतात, चमच्याच्या टोकाने चाखतात, "बरा झाला" म्हणतात. एवढंच जातं आता. कालपासून पाण्यालाही वेळ लागतो.
भांडी रिकामी परत द्यायची नाहीत म्हणून चमचाभर साखर घालून देते. संपवलं का सगळं, विचारतात. हो म्हणते. इतका आनंद होतो लोकांना, दुसऱ्या दिवशी दुप्पट पाठवतात. नलूने विचारलं नाही, नुसतं पातेलं घेतलं.
आज आमची बालदी काठोकाठ, चाळीत सगळ्यात जड. पिंपाकडे नेताना वर मटारच्या साली आणि कोथिंबिरीच्या काड्या पसरल्या, खालचं झाकेल इतक्या. जिन्यात कोणाला दिसायला नको.