मागून आलेला खोकला

बाबा, मी आता आजारी माणसांच्या फायली वाचते. अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमध्ये, भाड्याच्या घराच्या तळघरात बसून. समोर डेटा सेंटरची भिंत आहे, तिला एकही खिडकी नाही, आणि आतून दिवसभर घरघर येत राहते. फायलींत नावं नसतात, नुसते क्रमांक. तारखाही मुद्दाम थोड्या सरकवलेल्या असतात, कोणी कोणाला ओळखू नये म्हणून. सगळ्यांना तुमचाच आजार, अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा, छातीच्या आवरणाचा कॅन्सर. आता त्यावर दोन औषधं एकत्र देतात, सलाइनमधून. ती शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती जागी करतात. ज्यांच्यावर आधी चाचणी झाली ती माणसं त्यातल्या त्यात धडधाकट होती. आम्ही बघतो ते नंतरचं: हृदयाचं दुखणं असलेली, जिन्यात थांबणारी म्हातारी माणसं या औषधांवर किती जगतात. बरीचशी तेवढी जगत नाहीत. कोणाची जागी झालेली शक्ती त्याच्याच आतड्यांवर उठते आणि औषध थांबवावं लागतं. आणि काही जण, का ते कोणालाच नीट सांगता येत नाही, जगतच राहतात.

त्यातल्या एका फाइलमध्ये तुम्ही आहात. शक्य नाही, हे मला कळतं. ही औषधं यायच्या कितीतरी आधी तुम्ही गेलात. पण हा माणूसही वीजकेंद्रात गरम पाइपांना पांढरं कापड गुंडाळायचा. डावीकडे कलून, काखेत उशी धरून बसतो. गार पाणी नको म्हणतो, कोमट मागतो, असं नर्सने लिहिलंय. सोबत मुलगी येते. छातीतलं पाणी काढलं, ते पुन्हा भरलं, इथपर्यंत सगळं तुमचंच. मग तुमचं जिथे संपलं तिथून याचं पुढे चालू होतं. औषध लागू पडतं. वजन वाढतं. मुलीबरोबर तो मासे पकडायला जाऊन येतो. मी वाचत होते आणि मान वळवून मागे बघायची हिंमत होत नव्हती.

मग फाइल थांबते. शेवटची नोंद फोनची: मुलीने पुढचं सलाइन रद्द केलं, कारण सांगितलं नाही, मागून खोकल्याचा आवाज. हा माणूस कधीपर्यंत जिवंत होता म्हणून लिहायचं, ते मला ठरवायचं होतं. आमच्या टीमच्या प्रमुख नागपूरच्या ताई आहेत.

"लास्ट सलाइनची डेट टाक आणि पुढे जा," त्या म्हणाल्या.

"पण ताई, फोनच्या दिवशी तो खोकत होता."

"तोच कशावरून? टीव्ही असेल, कुत्रा असेल! आपल्याला पेपर लिहायचाय यार, भुताची गोष्ट नाही."

मीही हसले. पण मला आपल्या स्वयंपाकघरातली फरशी आठवली. आई भाकऱ्या थापतेय, मी अजून शाळेतही जात नाही, आणि तुम्ही फरशीवर खडूने लिहिलेलं माझं गणिताचं बरोबर आलेलं उत्तर हाताने पुसताय. "बरोबर आलं म्हणून काय झालं? केलंस कुठे?" आणि तुमच्या आजारपणातला तो दिवस, हॉस्पिटलला तुम्ही मला फोन करायला लावलात तो. "सांग, उद्या येत नाही." का म्हणून सांगू, विचारलं तर म्हणालात, "कंटाळा आला म्हणून सांग." मी बोलत होते तेव्हा मागे तुम्ही खोकत होतात. हॉस्पिटलसाठी तुम्ही तिथेच संपलात. त्यानंतर तुम्ही उन्हात खुर्ची टाकून बसायचात, पेरू खायचात, आईला चिडवायचात, ते कुठेच लिहिलेलं नाही. हॉस्पिटलात फोन घेणाऱ्या बाईंनी तुमचा खोकला तरी लिहिला असेल का?

शेवटी नोंद मी ताईंनी सांगितली तशीच केली. खोकला कोणाचा ते मला माहीत नाही, माहीत असावं असं फक्त वाटतं.

आज मृत्यूनोंदींची यादी आली. बाकी सगळे क्रमांक मी तिच्याशी ताडून पाहिले, पुन्हा एकदा तपासले. त्याचा नाही पाहिला. हे पत्र कुठे जायचं नाही म्हणून तुम्हाला सांगते, ताईंना मी सगळे झाले म्हणून कळवलंय.