स्वयंपाकघरापर्यंतची तार

बाबा, आई जिंकली. तुमच्याच शिस्तीने आधी पूर्वपक्ष मांडतो, म्हणजे मी एकतर्फी लिहिलं असं म्हणायला तुम्हाला जागा नको. देवळाली कॅम्पातून बदली होऊन निघालेल्या एका मेजरच्या घरून तुम्ही तो रेकॉर्ड प्लेअर आणलात, ॲम्प्लिफायरसकट बैठकीत मांडलात, आणि आईलाही गाणं मिळावं म्हणून आणखी एक स्पीकर, त्याच्या स्वतःच्या छोट्या ॲम्प्लिफायरसह, स्वयंपाकघरात बसवलात. तार भिंतीच्या कडेने, मीटरच्या बोर्डाखालून, फ्रिजच्या मागून गेली. भेट उत्तम होती. फक्त गाण्याबरोबर एक अखंड घूंऽऽ आत जायचं. "अहो, तुमचा गायक पिठाच्या गिरणीत बसून गातो का?" आई पोळी लाटता लाटता विचारायची. पेपर खाली न करता तुम्ही म्हणायचात, "तो तंबोरा आहे." "मग गायक थांबला तरी तंबोरा का थांबत नाही?" यावर शास्त्री मंडळी करतात तेच तुम्ही करायचात: प्रतिपक्षाचं प्रामाण्यच नाकारायचं. "तुझ्या कानांत दोष आहे." मी मधे तोंड घातलं की मला संस्कृतातला 'राम' चालवायला बसवायचात.

यंदा आईने निर्वाणीचं सांगितलं. "एकदा तरी हे गुरगुरल्याशिवाय गाऊ दे. नाहीतर दिवाळीच्या आवराआवरीत सगळं भंगारवाल्याला देते." ती बोलते तसं करते, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी मेनरोडवरच्या दुकानात जाऊन न गुरगुरणारी तार मागितली. दुकानदार म्हणाला, "घरात बॅलन्स्ड तार कशाला, सर? साधी सिंगल-एंडेड लावा, मस्त वाजतं." म्हटलं, तार फ्रिजमागून स्वयंपाकघरापर्यंत जाते. "मग लय त्रास देईल! बॅलन्स्डच घ्या. सगळीकडेच बदलून टाका ना!" इतक्या चपळाईने सिद्धान्त बदलणारा पंडित काशीतही नसेल.

पण त्याचं म्हणणं मला पटलं, आणि पटलं ते तुमच्यामुळे. साध्या तारेत गाणं एकाच वाटेने जातं. वाटेत फ्रिजची घरघर चिकटली की तीही गाण्याबरोबर स्पीकरमध्ये शिरते. बॅलन्स्ड तारेत तेच गाणं दोन वाटांनी जातं, एकीने सुलट, दुसरीने उलट. घरघर मात्र दोन्हींना सारखीच चिकटते. पलीकडे उलटं गाणं पुन्हा सुलट करताना त्या वाटेची घरघर उलटी होते, मग दोन्ही वाटा जोडल्या की गाणं दुप्पट होतं आणि घरघर स्वतःलाच खाऊन संपते. चूक शिरली तर सापडावी म्हणून एकच ऋचा तुम्ही माझ्याकडून पदं सुलट-उलट फिरवून म्हणवून घ्यायचात. तेव्हा वाटायचं, हा छळ आहे. ते विद्युत-अभियांत्रिकीचं शिक्षण होतं, हे सांगायचं राहिलं असेल.

दोन्ही टोकांना ही तार समजणारी नवी यंत्रं बसवली, आणि रविवारी सकाळी तुमची भैरवी लावली. आई मेथी निवडते आहे. फ्रिज सुरू. मी मुद्दाम मिक्सरही लावला, बंद केला. आईचा हात थांबला. "अरे, हा मधे श्वास घेतो की रे!" मग रेकॉर्ड संपली आणि स्वयंपाकघरात नुसती शांतता पसरली, सपाट, स्वच्छ. आई उठली, पदराला हात पुसत बैठकीत तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. "ऐकलंत? कान कुणाचे वाईट होते?" आणि परत आत जाताना मला म्हणाली, "लाव पुन्हा."

आता उत्तरपक्षातला एक तुकडा, फक्त तुमच्यासाठी. रेकॉर्ड प्लेअरपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची हातभर तार मी बदललेली नाही. ती तुमचीच आहे, सिंगल-एंडेड, तुम्ही सोल्डरने डाग देऊन जोडलेली. एवढ्याशा अंतरात तिला काहीच चिकटत नाही. तिथे तुमचा पक्ष निर्दोष ठरला. हे आईला सांगितलेलं नाही. निकाल इतक्या वर्षांनी लागलाय, थोडे दिवस तिला तो अख्खा भोगू दे. आणि घरातलं टपाल अजून तीच आधी उघडते, म्हणून हे पत्र माझ्या खिशातच आहे.