अडतीस सेकंद

ता. ६ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. काल तुझ्या मशीनपाशी घड्याळ घेऊन उभी राहिले तेव्हा तुला हाक मारावीशी वाटत होती, आणि तू मात्र ओळखही न दाखवता शर्टाला कॉलर लावत होतीस! तीनदा मोजलं, तिन्ही वेळा अडतीस सेकंद. साहेबांचा विश्वास बसेना. मी म्हटलं, दिसलं तेच लिहिलंय.

परदेशी कंपन्यांना दारं उघडल्यापासून सगळंच भराभर चाललंय. तुमचा सरकारी कारखाना आमच्या कंपनीने घेतला, त्याच महिन्यात मला ही मोजणीची नोकरी लागली आणि तुमच्यातल्या पंचवीस जणींची गेली. हे मनातून जात नाही. इथे काचेच्या खोलीत मी शाल पांघरून बसते, इतकं गार असतं. तुमच्याकडे दोनच पंखे फिरत होते. तेही मी अहवालात लिहिलं. साहेब म्हणाले, पंखे हा आपला विषय नाही.

लोभ आहेच, तो असाच उतू जाऊ दे.

तुझी भाची

ता. १७ जून

चि. शंकासुरास,
अ. उ. आ.

ओळख दाखवली नाही म्हणतेस? अगं, शेजारच्या चष्मेवालीला मी सकाळपासून सांगत होते, माझ्या हातची वाढलेली पोर येणार आहे म्हणून. तू गळ्यात कंपनीचा पट्टा अडकवून आलीस आणि माझ्या अंगात वारंच शिरलं. भाचीच्या कागदावर आपला आकडा झळकला पाहिजे! रोज मला एका कॉलरला बावन्न सेकंद लागतात. त्या दिवशी श्वास कोंडून शिवलं.

आता तेच अडतीस फळ्यावर लिहून सगळ्यांना लावलेत. पाणी प्यायला उठायची सोय नाही. चष्मेवालीला आणि एका बाळंतिणीला घरी बसवलं. बाकीच्या माझ्याशी बोलत नाहीत. भिंतीकडे तोंड करून डबा खाते. तुझा दोष नाही, मला मिरवायची हौस नडली. पण बाई, काही करता येतं का बघ.

आशीर्वाद आहेतच, ते काही सेकंदांवर मोजून देत नाही.

आत्या

ता. २१ जून

ती. आत्यास,
सा. न.

तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. साहेब म्हणतात, एकदा जमतं ते रोज जमतं. मी म्हटलं, गाडी चुकू नये म्हणून माणूस एखाद्या दिवशी धावतं; म्हणून काय रोज धावत कामाला जातं? ते हसले आणि पुन्हा मोजायला कबूल झाले. पण सोमवारी, तुझ्याच मशीनवर, त्यांच्या समोर. वेळ जास्त लागला तर एक तर तू मुद्दाम हात आखडलास, नाहीतर मी चुकीचं मोजलं होतं. पहिलं ठरलं तर तुला काढतील. आत्या, सोमवारी आजारी पड. पाया पडते.

तुझी भाची

ता. २४ जून

चि. शंकासुरास,
अ. उ. आ.

आजारी पडायला मला कधी जमलंय? सोमवारी माझ्या नेहमीच्या हाताने शिवणार, आणि मध्ये पाणीसुद्धा पिणार. तू नाक खुपसू नकोस. तुझ्या बापाचं औषधपाणी तुझ्या पगारावर चालतं, एवढं ध्यानात ठेव.

आत्या

ता. २८ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

त्रेपन्न सेकंदांत कॉलर संपवून तू सरळ पाण्याच्या पिंपाकडे गेलीस, मागे वळून पाहिलंच नाहीस. म्हणून पुढचं लिहिते. साहेबांनी विचारलं, हात आखडला का? मी म्हटलं, नाही, हाच तिचा वेग. मग अडतीस कुठून आले? मला सांगायचं होतं, दोन्ही आकडे खरे आहेत. पण त्यांच्या कागदावर चौकोन दोनच. मी दुसऱ्यात खूण केली, 'मोजणारीची चूक', आणि खाली सही केली. आयुष्यातलं पहिलं खोटं. आणि अक्षर इतकं सुबक आलं की माझीच मला लाज वाटली.

फळ्यावर आता पन्नास लिहितील. तीन सेकंद साहेबांनी ठेवून घेतलेच. चष्मेवालीला परत बोलावणार आहेत. बाळंतिणीच्या जागी दुसरी बसली, तिला कशी उठवायची? बाळंतिणीचा पत्ता तेवढा कळव. मला गोदामात टाकलंय, निम्म्या पगारावर. बाबांना अजून सांगितलं नाही. तू सांगशील का? नको, मीच सांगते.

काय रागवायचं ते पत्रात रागाव. रविवारी येईन तेव्हा मात्र नुसती जवळ घे.

तुझी भाची