मुंगीवाल्या नोटा

६ जानेवारी

मोठ्या बाईंनी बोलावलं आणि खुर्चीवर बसा म्हणाल्या. मुख्याध्यापिका कुणाला उगाच बसवत नाहीत. अर्थशास्त्राच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात, तर आठवीचा ‘पैशाचे व्यवहार’ हा तास आता मी घ्यायचा. मी! हस्तकलेचा मास्तर! कागद, कात्री, खळ, संपलं माझं राज्य. घरचा हिशेबसुद्धा बायको बघते.

मी विचारलं, मग हस्तकलेच्या तासाचं काय? बाई चष्मा पुसत म्हणाल्या, “सर, पुढच्या वर्षी हस्तकला बंदच करायचा विचार आहे. मुलांकडून मागणी कुठे आहे?”

महिनाअखेर तपासनीस येणार आहेत. त्यांना हा नवा तास पसंत पडला तर मी टिकलो. नाहीतर माझी जागा जादा ठरणार. नोकरीचं तर आहेच, पण ‘मागणी कुठे आहे’ हे जास्त लागलं. वर्गात मुलं जांभया देतात हे मलाही दिसतं.

७ जानेवारी

पुस्तक उघडलं. मागणी, पुरवठा, चलन, बचत. सगळं डोक्यावरून गेलं. बायको औषधाच्या दुकानात गल्ल्यावर असते, तिला विचारलं, चलन म्हणजे नक्की काय गं? म्हणाली, जे तुमच्या खिशात असलेलं मी आजवर पाहिलं नाही ते.

९ जानेवारी

सुचलं! वर्गातच बाजार भरवायचा. प्रत्येकाने काहीतरी विकायचं, प्रत्येकाने काहीतरी घ्यायचं, वर्गाच्या स्वतःच्या नोटांनी. आणि नोटा मी करणार. हाताने!

१२ जानेवारी

नोटा तयार. स्वतःचं कौतुक स्वतःच करू नये, पण इथे कोण वाचतंय?

परातीत पाणी घेतलं, त्यावर तैलरंगाचे थेंब सोडले, काडीने हलकेच फिरवले आणि वर कागद टेकवला. निळ्या-हिरव्या लाटा उमटल्या, प्रत्येक नोटेवर वेगळ्या. कडा ओल्या कुंचल्याने रेघ मारून हाताने फाडल्या, म्हणजे मऊ, तंतूदार येतात. आणि कोपऱ्यात, भिंग लावल्याशिवाय दिसणार नाही अशी, शाईची एक मुंगी. नक्कल होऊ नये म्हणून. आता करून दाखवावीच कुणी अशी नोट!

बायकोने एक ‘बघायला’ म्हणून घेतली आणि पर्समध्ये टाकली. परत मागितली तर म्हणे, असू द्या हो. मग एक नवी केली.

१५ जानेवारी

नोटा वाटल्या, मुलागणिक एक. वर्ग चिडीचूप! एवढ्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे, प्रत्येक गोष्टीवर वाद घालते. स्टाफरूममध्ये तिला आम्ही वकिलीणबाई म्हणतो. ती नोट उजेडात धरून विचारते, “सर, कागद पाण्यात बुडवला की नुसता टेकवला?” मी म्हटलं, हा अर्थशास्त्राचा तास आहे.

बाजार उघडला. कुणी पेन्सिलींना टोक करून देणार, कुणी कोडी घालणार, एक पठ्ठ्या दप्तर उचलून फाटकापर्यंत नेणार. दुकानदार सगळे, गिऱ्हाईक एकही नाही! नोटा वहीत घालून, वही छातीशी धरून उभे. एकाला म्हटलं, अरे, घे की काहीतरी. तर म्हणाला, जीव होत नाही सर.

१७ जानेवारी

आजही विक्री शून्य. पुस्तकात बघितलं, लोक पैसे दाबून बसले की त्याला मंदी म्हणतात. सरकारांना मंदी आणायला वर्षं लागतात. मी दोन तासांत आणली.

बायको हसत सुटली. म्हणाली, ठेवणीतले कपडे घालून कुणी भांडी घासतं का?

१९ जानेवारी

जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर शाळेचा शिक्का मारून भिकार नोटा काढल्या. शिक्कासुद्धा तिरका. वाटल्या मात्र, बाजार धो धो! टोकं काय, कोडी काय, दप्तरवाल्याने दोन हमाल नेमलेत. मुलं उधारी, सूट, घासाघीस सगळं आपसूक शिकली. मी फक्त ‘आवाज कमी’ एवढंच शिकवलं.

सुंदर नोटा मात्र गायब. कुठे आहेत विचारलं, तर कोणी ताकास तूर लागू देत नाही.

२३ जानेवारी

शिपाई तणतणत आला. मधल्या सुटीनंतर हात धुवायचं बेसिन निळं-हिरवं होतं आणि घासून निघत नाही म्हणे. माझ्या कपाटातला तैलरंगही कमी झालेला वाटला. वकिलीणबाईंची नखं निळी. पेन गळतं म्हणाली. असेल! तपासनीस तोंडावर आलेत, मला बेसिनाचं काय?

३० जानेवारी

आज तपासनीस आले. बारीक मिशी, हातात फाइल, चेहऱ्यावर काही नाही. मोठ्या बाई मागे उभ्या.

बाजार झकास चालला. साहेबांनी स्वतः पेन्सिलीला टोक करून घेतलं. मग माझ्या टेबलावरची नमुन्याची सुंदर नोट त्यांना दिसली. ही का चालत नाही बाजारात, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत वकिलीणबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, शिक्क्याची नोट गेली तर वाईट वाटत नाही, म्हणून ती फिरते. चांगली कोण हातातून सोडेल? ती लपवायची.

साहेब पहिल्यांदा हसले. हे मोठमोठ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, म्हणाले. मोठ्या बाईंची मान एवढी ताठ झाली, जणू हे त्यांनीच शिकवलं. मग साहेब मुलीला म्हणाले, अशी कोणती वस्तू आहे, जिच्यासाठी तू ती सोडशील?

तिने माझ्याकडे पाहिलं. “सर अशी नोट करायला शिकवणार असतील तर. आम्हाला कडा जमत नाहीत.”

आणि मागच्या बाकावरून एक पत्र्याचा डबा निघाला. हातोहात वर्गभर फिरला, माझ्या टेबलावर आला तेव्हा सुंदर नोटांनी भरलेला होता. मी खिडकीकडे तोंड केलं. डोळे भरून आले होते, पोरांना कशाला दाखवायचे?

साहेबांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि बाईंना म्हणाले, मागणी दिसते आहे की.

३१ जानेवारी

हस्तकला राहिली! आठवड्याला एक तास, ‘मागणी असेल तोवर’. बाई आता माझ्यावर अर्थशास्त्राची भाषा चालवतात. चालवू देत. मीही टिकलो. आज अंगावर मूठभर मांस चढलंय.

३ फेब्रुवारी

पहिला तास घेतला. परात, पाणी, रंग. सगळ्यांना पहिल्याच फटक्यात जमलं! लाटा तर अशा, की मी बघतच राहिलो. फक्त कडा शिकवाव्या लागल्या. शिकवण्याची हातोटी असावी लागते, दुसरं काय.

४ फेब्रुवारी

तो डबा कौतुकाने घरी आणला होता. बायकोने सवयीने नोटा मोजल्या. “अहो, वर्गात मुलं किती?”

तीस, म्हटलं.

“मग या चौऱ्याऐंशी कशा?”

भिंग घेऊन बसलो. प्रत्येक नोटेवर मुंगी. बऱ्याच नोटांच्या कडा जरा फसलेल्या. एका मुंगीला चष्मा आहे, माझ्यासारखा. बायकोने पर्समधली तिची नोट काढून शेजारी ठेवली. पुन्हा पुन्हा पाहिलं. डब्यात माझी एकही नाही.