वर्षावास संपेपर्यंत

५ ऑगस्ट २००७, कुरुंदा

जो माणूस म्हणतो मला काही झालेलं नाही, त्याला उपचाराला कसं न्यायचं? शाळेत अपूर्णांक शिकवतानाही डोक्यात हेच. उत्तर मला येत नाही.

दादा पुण्याहून येऊन महिना होत आला. आल्यावर नुसता झोपला. जेवायला उठायचा, पुन्हा झोपायचा. माय म्हणाली, कामानं पिळून काढलं लेकराला. मग काही दिवस बरा होता. परवा वसमतला जाऊन आला आणि तेव्हापासून तोंड बंद नाही. घराची पुढची भिंत एकट्याने चुन्याने रंगवून काढली. जेवला नाही. संध्याकाळी घोळणा फुटला. मायने कांदा फोडून नाकाशी धरला, टाळूवर पाणी थापलं. "उन्हाचं हाय," म्हणाली.

ऊन कुठे आहे? आठवडाभर आभाळ आहे.

७ ऑगस्ट

सरळ विचारलं. त्याने लपवलंही नाही, हे जास्त लागलं.

पुण्यात तो पार्ट्यांना लाइट लावायचा. "दारू न्हाई सुजे. कोकेन म्हणतेत. साहेब लोकांची चीज हाय. रातभर उभं ऱ्हायचं तर तेच देतेत थोडं थोडं. मंग आपणच मागाया लागतो." आणि वर, "घरात तू पयली ग्रॅज्युएट, ह्याच्यात मी पयला. बापाचं नाव दोघांनी काढलं."

हसू आलं मला. मग स्वतःचाच राग.

पुण्याची ट्रॅव्हल्स वसमतला थांबते. सोबतचा मित्र ड्रायव्हरच्या हाती सीडीच्या कव्हरात घालून पाठवतो. बंद कर म्हटलं. "करतो की. मनात आलं की करतो. मला काय झालंय?"

इथून पुढे वहीत 'को.' एवढंच. माय वही उचलून ठेवते. तिला वाचता येत नाही, तरी.

१० ऑगस्ट

बाबांना सांगितलं. ते ओट्यावर थापी घासत बसले होते. गवंडीकाम करून आले की आधी हत्यारं धुणार, मग हातपाय.

"दारूचा वास आला का कधी त्याच्या तोंडाला?"

"दारू नाही बाबा."

"मंग नशा कशाची? पावडरची? तोंडाला लावायची असती पावडर."

मी समजावलं, जेवढं मला समजलंय तेवढं. मग म्हणाले, मन भरकटलंय, मनाला जागेवर आणायचं. विहारात वर्षावासाचं वाचन चालू आहे, पावसाळ्याचे तीन महिने रोज. वाचणारे गुरुजी बदली होऊन गेले, जागा रिकामीच. आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी दादा ग्रंथ वाचणार. समितीचे अध्यक्ष बाबाच आहेत, ठरलं ते ठरलं.

मला पटलं. खरंच पटलं. आपल्या माणसांत, चांगल्या शब्दांत रोज एक तास. दवाखान्यात तरी दुसरं काय देणार?

१७ ऑगस्ट

दादा फार सुंदर वाचतो. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. संथ, स्वच्छ. अवघड शब्द आला की थांबून सोपा करून सांगतो. पहिल्या दिवशी म्हाताऱ्याच होत्या. आता पोरं दाराबाहेर उभी राहतात.

कौसल्याकाकू शेजारी बसतात. "आमचं पोरगं असं वाचलं असतं तर मी त्याला भाकरीच्या आधी दूध दिलं असतं."

बाबा भिंतीला न टेकता बसतात. ती भिंत त्यांनीच बांधलेली. माय घरी येऊन दादाला ताट वाढते आणि तो जेवतो.

कदाचित मी उगाच...

२१ ऑगस्ट

आज वाचताना डोळे चमकत होते. एकामागून एक तीन प्रकरणं, थांबेना. हातवारे. लोक खूश. "आज पोरगा रंगात आला." घरी येताना बाबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला होता.

सकाळी वसमतला जाऊन आला होता तो. सगळ्या गर्दीत मला एकटीला कळत होतं की आपण काय ऐकतोय. किती एकटं वाटलं.

२४ ऑगस्ट

दोन दिवस अंथरुणात. हाक मारली की वसकन अंगावर येतो. बाबांनी विहारात सांगितलं, "ताप हाय पोराला." बाबांच्या तोंडून खोटं मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांना ते सराईतपणे जमलं नाही, खाली बघत म्हणाले. लोकांना वाटलं काळजी.

२५ ऑगस्ट

शाळा सुटल्यावर एसटीडीवरून फोन केले. मैत्रिणीने दोन नंबर दिलेत, दोन्ही व्यसनमुक्तीच्या निवासी केंद्रांचे.

पहिल्या ठिकाणचा माणूस भराभर बोलत होता. "पत्ता सांगा. आमची पोरं जीप घेऊन येतात. उचलतात. पेशंटला आधी काही बोलू नका, चहा पीत बसलेला असला की बरं." मी विचारलं, त्याची मर्जी नसेल तर? "मॅडम, मर्जी असती तर तुम्ही फोन केला असता का?"

पत्ता दिला नाही. फोन ठेवला.

दुसरं औरंगाबादच्या पुढे. तिथल्या बाईंनी वेळ घेऊन ऐकलं. बाईंचं एकच म्हणणं: भावाला स्वतःला यायचंय का? "आणून टाकलेले पळून जातात. स्वतःहून आलेलेसुद्धा जातात, पण त्यातले काही राहतात." काही. हा शब्द घेऊन घरी आले.

२८ ऑगस्ट, श्रावण पौर्णिमा

विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्रिसरण, पंचशील. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, त्यामुळे आवाज वेगळा काढता येत नाही, पण दादाचं तोंड दिसत होतं. पाचवं शील, नशेपासून दूर राहण्याचं, त्यालाही त्याचे ओठ इतरांसारखेच हलत होते. न अडखळता.

किळस आली. भावाची.

२ सप्टेंबर, रविवार

पाटावर धुणं घेऊन गेले होते, दादा मागून आला. आज बरा होता, मधल्या चांगल्या दिवसांतला. धुणं पिळू लागला. मी बोललेच. म्हटलं, जीभ कशी उचलते तुझी? सगळ्यांसमोर, बाबांसमोर, शील म्हणायला?

"मी म्हणत न्हाई."

"मी बघितलंय."

"ओठ हलवतो. आवाज काढत न्हाई पाचव्याला." लुगड्याचा पीळ घट्ट करत म्हणाला, "चौथं बराबर म्हणतो ना मी. खोटं बोलणार न्हाई म्हणून. मंग लगेच पाचवं कसं म्हणू?"

इतके दिवस मी त्याला निर्लज्ज समजत होते.

मग त्यानेच सांगितलं. मनात आलं की बंद करतो म्हणालो, तसं करून बघितलं. दोनदा. न्हाई जमलं. मी केंद्राचं सांगितलं, बाई काय म्हणाल्या ते. महिनेच्या महिने राहावं लागतं, तेही. तो पाण्याकडे बघत राहिला.

"वर्षावास संपू दे."

"काहून पण?"

"तो एक तास बरा जातो सुजे. लोक ऐकतेत. तेवढंच हाय माझ्यापाशी. ते सोडून त्या कोंडवाड्यात जाऊ?"

खरंच, वाचन त्याला वाचवतंय की लपायला जागा देतंय? मला कळत नाही.

११ सप्टेंबर

काल वाचता वाचता थांबला. हात छातीवर. लोकांना वाटलं पान चिकटलं. "पाणी द्या," म्हणाला, पाणी प्याला आणि पुढे वाचलं, पण आवाज पोकळ.

आज त्याला वसमतला डॉक्टरांकडे नेलं. छातीला तारा लावून हृदयाची पट्टी काढली. "टेन्शन घेऊ नका, ॲसिडिटी असेल." दादा बाहेर गेल्यावर मी 'को.' हा शब्द सांगितला. डॉक्टर हसले. "इथं? कुरुंद्यात?" माझ्याकडे बघून हसू गेलं. पट्टी पुन्हा उचलून पाहिली. म्हणाले, आज ठीक आहे. ह्या गोष्टीत पुढच्या वेळचं कुणी सांगू शकत नाही. जवान पोरांचंही हृदय एकाएकी बंद पडतं.

१३ सप्टेंबर

घरात बसून बोललो. दादा बाहेर होता.

मी डॉक्टरांचं सांगितलं, दोन्ही केंद्रांचंही. बाबा म्हणाले, आश्विन पौर्णिमा झाली की बघू. मधेच उठवलं तर लोक विचारतील.

"सांगू लोकांना."

"काय सांगशील? ज्याच्या तोंडून महिनाभर धम्म ऐकला तो असला हाय म्हणून? मीच बसवलं त्याला तिथं. आता मीच उठवू?"

चिडून नाही बोलले. थकून. मला त्यांच्याशी भांडताच येईना.

माय चुलीपाशी होती. मला वाटलं ती बाबांची बाजू घेईल. ती म्हणाली, "तो जीपवाला म्हणलीस ना. त्यालाच बोलव."

"माय, ते बांधून नेतात."

"नेऊ दे बांधून. राजी असो का नसो, मला लेकरू जित्तं पायजे. तुमचं राजीखुशीचं तुमच्याजवळ ठेवा. शिकलेल्या मान्सांचं हाय ते."

शिकलेली मीच एकटी आहे घरात. त्याच्या इच्छेला मान द्यायचा, हे मला पुस्तकातून आलं की आतून? तेवढ्यात काही झालं तर माय मला...

१९ सप्टेंबर

दादाला जीपचं सांगितलं. लपवून ठेवणं बरोबर वाटेना. तो जोरात हसला. मग,

"पत्ता दिलास का?"

"नाही."

"काहून न्हाई दिला?"

हे त्याने इतक्या साधेपणाने विचारलं की वाटलं, द्यायला हवा होता, असंच म्हणतोय. की मलाच तसं ऐकू आलं. पुन्हा विचारलं, येतोस का माझ्यासोबत. "वर्षावास."

२३ सप्टेंबर

वसमत, परत. बोलणं, बोलणं. घोळणा दोनदा फुटला. ग्रंथाच्या पानावर थेंब पडला, त्याने तो बाहीने पुसला. समोर पहिल्या ओळीत बसलेल्यांनी पाहिलं. कुणी काही बोललं नाही.

ज्यांना काही कळत नाही असं मला वाटतं, त्यांना किती कळत असेल?

२७ सप्टेंबर

काल भाद्रपद पौर्णिमा. जे झालं ते नीट लिहायला पाहिजे.

पंचशील झालं. दादा ग्रंथ उघडत होता, पुढेमागे उलटत होता, पान लागेना. मी उभी राहिले. ठरवून नाही. म्हणाले, माझा भाऊ आजारी आहे. त्याला नशेची सवय लागली आहे, दारूची नाही, दुसऱ्या पदार्थाची. औरंगाबादकडे उपचार होतात. परवा आम्ही जाणार आहोत.

'आम्ही' म्हणाले. त्याला न विचारता.

पहिलं बोलले ते समितीचे म्हातारे सदस्य. "मंग वाचन?"

"मी वाचीन."

मागून एक बाई, "तुझा आवाज लागंल का त्याच्यासारका?"

बाबा मान खाली घालून होते. दादाने ग्रंथ मिटला, पांढऱ्या कापडात गुंडाळला, गाठ मारली आणि माझ्या हातात दिला. माझ्याकडे बघितलं नाही.

रस्त्यात म्हणाला, "मला एकट्याला इचारायचं होतंस."

"किती वेळा विचारलं."

"अजून एकदा इचारायचं."

बाबा आज कामावर डबा न घेता गेले. मी जीप बोलावली नाही, याचा मला अभिमान होता. आता वाटतं, वस्ती बोलावली. तिने जीपपेक्षा काय वेगळं केलं?

संध्याकाळी मी वाचलं. आवाज लागला नाही. तरी लोक बसले.

दादाने बॅग भरली आहे. माझ्यासाठी, रागाने, की तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणून, विचारायचं धाडस नाही.

२८ सप्टेंबर, परतीच्या गाडीत

अक्षर हलतंय.

पहाटे बाबा उठून कुठेतरी निघून गेले होते. माय फाट्यापर्यंत आली. दादाच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि गाडीवाल्याला म्हणाली, खिडकीची जागा द्या त्याला, तकलीफ होती. वाटेत तो झोपला. जागा झाला की नखं कुरतडायचा. परभणीच्या पुढे एकदाच बोलला. "तिथं लाइट कधी बंद करतेत गं?" माहीत नाही म्हटलं.

केंद्र म्हणजे साधं घर आहे, पुढे पेरूची झाडं. फोनवरच्या बाई माझ्या मायच्या वयाच्या निघाल्या. त्यांनी दादाला विचारलं, "स्वतःहून आलात?"

"हिला इचारा."

"मी तुम्हाला विचारतेय."

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी मला बाहेर नेलं. म्हणाल्या, तुम्ही समोर असाल तर ते तुमच्यासाठी हो म्हणतील किंवा तुमच्यावरच्या रागाने नाही म्हणतील. दोन्हींचा त्यांना उपयोग नाही. मी बसते त्यांच्यापाशी, संध्याकाळ झाली तरी. "तुम्ही घरी जा. राहिले तर फोन करू. नाही राहिले तर तुमच्या मागच्या गाडीने येतील."

मी म्हटलं, वाटेत उतरून पुण्याची गाडी धरली तर?

"तेही होऊ शकतं," बाई म्हणाल्या.

खिडकीतून त्याची पाठ दिसत होती. आत जाऊन काही सांगावंसं वाटलं. चुकले म्हणावं, की अजून एकदा विचारावं? तो वळला असता तर मी गेले असते आत. वळायची वाट बघत थांबले नाही. बाईंच्या हाती आमच्या घराशेजारच्या दुकानाचा फोन नंबर दिला, फाटकाची कडी लावली आणि रस्त्यावर येऊन गाडीला हात केला.

जालना गेलं.